करडईचे तेल आणि ई जीवनसत्त्व : दोन मतांचे परीक्षण

सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू शेतीत रब्बी ज्वारीच्या जोडीने ज्या पिकाचे नाव घ्यावे लागते ते करडई होय. ज्वारीच्या काही ओळींनंतर करडईची एखादी ओळ धरावी, किंवा झाड काटेरी असल्याने गुरांना आवर बसावा म्हणून शेताच्या कडेने ती पेरावी, ही येथील जुनी रीत आहे. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीच्या पद्धतशीर संशोधनास आरंभ झाला, आणि पुढे अखिल भारतीय समन्वित योजनेखाली करडई संशोधनाचे एक प्रमुख केंद्र येथेच उभे राहिले. ‘भीमा’सारखे वाण या प्रयत्नांतून शेतकऱ्यांच्या हाती आले. तथापि या संशोधनाची दृष्टी मुख्यतः एकरी उत्पन्न, बियांतील तेलाचा उतारा, मावा आणि मर रोग यांवर खिळलेली होती. आणि ते स्वाभाविकही होते. बियांतून निघालेले तेल माणसाच्या शरीरात गेल्यावर काय करते, हा प्रश्न वैद्यकाच्या आणि व्यापाराच्या स्वाधीन राहिला.

या प्रश्नावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे लेखन झाले त्यातून दोन परस्परविरोधी मते रूढ झाली आहेत. पहिल्या मतानुसार करडईचे तेल हृदयाचे रक्षक आहे. कारण त्यात लिनोलेइक अम्ल विपुल असून ते रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवते, आणि या अम्लाचे ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणून निसर्गाने त्याच तेलात ई जीवनसत्त्वाची योजना केलेली आहे. दुसऱ्या मतानुसार हेच तेल घातक आहे. कारण विपुल लिनोलेइक अम्ल शरीरात गेले की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निर्माण होणारी द्रव्ये रोहिण्यांना इजा करतात. या दुसऱ्या मताचे पुरस्कर्ते ज्या प्रयोगाचा आधार घेतात त्यात योगायोगाने करडईचेच तेल वापरलेले होते. म्हणून सोलापूरकरांना हा वाद परका मानून चालणार नाही.

प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांच्या आधारांचे परीक्षण करावयाचे आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून ठेवतो. दोन्ही मतांचा दोष एकच आहे : असंतृप्त वसाम्ल आणि त्याचे रक्षण करणारे जीवनसत्त्व ही एकाच हिशेबाची जमा व नावे अशी दोन अंगे आहेत, हे दोघांनीही मान्य करूनही प्रत्यक्ष मोजणीच्या वेळी एकच अंग मोजले आहे.

१. ऑक्सिडीकरणाचे स्वरूप

करडईच्या नेहमीच्या तेलात शेकडा ७५ च्या आसपास लिनोलेइक अम्ल असते. या अम्लाच्या अठरा कार्बन अणूंच्या साखळीत दोन द्विबंध असून त्यांच्या मधोमध एक कार्बन अणू असतो. दोन्ही बाजूंच्या द्विबंधांमुळे या मधल्या कार्बनवरील हायड्रोजन अणू सैल धरलेला असतो. एखादा मुक्त मूलक जवळ आला की तो हा हायड्रोजन सहज हिरावून घेतो. मागे उरलेल्या रेणूला हवेतील किंवा ऊतकांतील ऑक्सिजन येऊन मिळतो व पेरॉक्सिल मूलक तयार होतो. हा मूलक शेजारच्या लिनोलेइक रेणूचा हायड्रोजन ओढून घेऊन स्वतः शांत होतो. पण शेजारी अस्वस्थ होतो. अशी ही साखळी पुढे चालत राहते. एकाच द्विबंधाच्या ओलेइक अम्लात असा सैल हायड्रोजन नसल्यामुळे त्याचे ऑक्सिडीकरण कितीतरी मंद होते. आणि अशी ‘मधली’ ठिकाणे जसजशी वाढत जातात तसतसा वेगही वाढत जातो.

घरात डब्याच्या तळाशी राहिलेले तेल खवट होते ते याच क्रियेने. रंगाच्या धंद्यात हीच क्रिया उपयोगी पडते. अमेरिकेत १९५० च्या दशकात करडईची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली तेव्हा तिच्या तेलाला पहिले गिऱ्हाईक मिळाले ते रंग आणि व्हार्निश यांच्या कारखान्यांचे. कारण हे तेल हवेत वाळून पातळ कठीण पापुद्रा धरते आणि तो फारसा पिवळा पडत नाही. जो गुण भिंतीवर इष्ट, तोच पेशींच्या आवरणात अनिष्ट ठरतो.

ई जीवनसत्त्व, म्हणजे टोकोफेरॉल, ही साखळी तोडते. पेरॉक्सिल मूलकाला ते आपला हायड्रोजन देऊन टाकते, आणि ही देवघेव मूलक शेजारच्या लिनोलेइकावर झडप घालण्याच्या वेगापेक्षा हजारो पटींनी जलद होते. म्हणूनच थोडे टोकोफेरॉल पुष्कळ वसाम्लांना पुरे पडते. ते किती थोडे असते याची कल्पना ऑस्ट्रियातील ग्राझ येथील हर्मन एस्टरबाउअर यांच्या मोजणीवरून येते. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या अल्पघन वसाप्रथिनाच्या एका कणात असंतृप्त वसाम्लांचे सुमारे तेराशे रेणू असतात, तर अल्फा-टोकोफेरॉलचे सरासरीने सहाच. हे सहा पहारेकरी संपले की मगच खरी नासाडी सुरू होते, असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले.

हायड्रोजन दिल्यावर टोकोफेरॉल स्वतः सौम्य मूलक बनते, आणि त्याला पुन्हा पूर्वस्थितीवर आणण्याचे काम क जीवनसत्त्व करते. क जीवनसत्त्वासारखा सहकारी नसेल तर टोकोफेरॉलचा मूलकच काही परिस्थितींत साखळी पुढे नेऊ लागतो, हेही १९९० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवून दिले. तेव्हा ‘ई जीवनसत्त्व म्हणजे रक्षण’ हे समीकरण रसायनशास्त्राच्या पातळीवरच अपुरे आहे. रक्षण ही एकट्या रेणूची नव्हे तर एका व्यवस्थेची कामगिरी आहे.

२. पहिल्या मताचे परीक्षण

पहिल्या मताचा पूर्वार्ध, म्हणजे लिनोलेइक अम्लाने कोलेस्टेरॉल उतरते, हा निर्विवाद आहे. एवढेच नव्हे, तर दीर्घकाळ निरीक्षणाखाली ठेवलेल्या लोकसमूहांच्या तेरा अभ्यासांचे जे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात सर्वाधिक लिनोलेइक अम्ल खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सर्वात कमी खाणाऱ्यांपेक्षा शेकडा १५ ने कमी आढळला. या अभ्यासांत तीन लाखांहून अधिक लोक होते. या पुराव्याकडे डोळेझाक करून करडईच्या तेलाला सरसकट दूषण देणे हे शास्त्रीय नव्हे.

अडचण आहे ती उत्तरार्धात. तेलातच ई जीवनसत्त्व असल्यामुळे तेल आपले रक्षण आपणच करते, हे विधान ऐकावयास सुंदर आहे. पण ते तपासावयाचे तर आकडे मांडले पाहिजेत. १९६३ मध्ये हॅरिस आणि एम्ब्री यांनी असे सुचविले की आहारातील बहुअसंतृप्त वसाम्लाच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ०.६ मि.ग्रॅ. अल्फा-टोकोफेरॉल असावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१० च्या शिफारशींत हे प्रमाण आवश्यक वसाम्लाच्या ग्रॅममागे ०.८ मि.ग्रॅ. धरलेले आहे. आता १०० ग्रॅम करडईच्या तेलात सुमारे ३४ मि.ग्रॅ. अल्फा-टोकोफेरॉल आणि सुमारे ७५ ग्रॅम लिनोलेइक अम्ल असते. भागाकार केला तर ०.४५ येतो. म्हणजे जीवनसत्त्वाच्या नुसत्या मात्रेने करडई खाद्यतेलांत वरच्या रांगेत बसते. परंतु तिच्यावर सोपविलेल्या राखणीच्या मानाने ती या दोन्ही मापांना उणी पडते.

शेंगदाण्याच्या तेलात टोकोफेरॉल करडईच्या निम्म्याहूनही कमी असते. पण त्यात बहुअसंतृप्त वसाम्लेही ३२ ग्रॅमच्या आसपासच असल्यामुळे भागाकार ०.५ च्या जवळ येतो, म्हणजे जवळजवळ करडईइतकाच. नेहमीच्या सूर्यफुलाच्या तेलात तो ०.६ च्या थोडा वर जातो. सोयाबीनच्या तेलात अल्फा-टोकोफेरॉल फक्त ८ मि.ग्रॅ. असल्याने तो ०.१४ वर घसरतो. ‘ई जीवनसत्त्वाने समृद्ध’ हे बाटलीवरील विशेषण छेदाशिवाय लिहिलेल्या अंशासारखे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

रोजच्या आहाराचा हिशेब मांडला तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. दिवसाकाठी ३० ग्रॅम करडईचे तेल पोटात गेले तर त्यातून सुमारे २२ ग्रॅम लिनोलेइक अम्ल आणि १० मि.ग्रॅ. टोकोफेरॉल मिळते. पहिल्या मापाने गरज साडेतेरा मि.ग्रॅ.ची, दुसऱ्या मापाने अठराची. उरलेले साडेतीन किंवा आठ मि.ग्रॅ. शेंगदाण्याची चटणी, पालेभाज्या, कडधान्ये यांनी भरून काढावयाचे असतात. सोलापूरच्या परंपरागत जेवणात ते काही अंशी निघतातही. तथापि शेंगदाणा आपले जीवनसत्त्व आणताना आपली असंतृप्त वसाम्लेही बरोबर आणतो, हे विसरता कामा नये. पालेभाजीचे तसे नाही. भाकरी, पालेभाजी, चटणी आणि लिंबाची फोड हे ताट ज्याच्या पुढे आहे त्याच्यासाठी या तेलाचा जो अर्थ आहे, तो मैद्याचे तळलेले पदार्थ खाणाऱ्यासाठी नाही. तेल एकच असले तरी हिशेब दोन होतात.

३. मापाचीही परीक्षा

ज्या मापाने आम्ही पहिल्या मताला उणे ठरविले ते माप स्वतः कितपत पक्के आहे, हाही प्रश्न टाळता येणार नाही. ई जीवनसत्त्वाचा शोध १९२२ मध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी बर्कली येथे लावला तो उंदरांच्या प्रजननक्षमतेच्या संदर्भात. ‘टोकोफेरॉल’ हे नावही ग्रीक भाषेतील अपत्यजन्मवाचक शब्दावरूनच आले. चरबी खवट होताना हे जीवनसत्त्व नष्ट होते, हे हेन्री मॅटिल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस दाखविले आणि त्याचे खरे कार्य कोणते असावे याची दिशा सूचित केली. पुढे कोंबडीच्या पिलांना ई जीवनसत्त्वाविना वाढवून लिनोलेइक अम्ल खाऊ घातले असता त्यांच्या मेंदूत विकृती होते, हे दिसून आले. जनावरांत संबंध असा उघड आहे. माणसांत मात्र तो लपलेला आहे.

माणसांवरील प्रमुख प्रयोग मॅक्स हॉरविट यांनी १९५३ पासून अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एल्गिन येथील सरकारी मनोरुग्णालयात केला. ई जीवनसत्त्व काढून टाकलेले मक्याचे तेल आहारात देऊन रुग्णांची पाहणी काही वर्षे चालू ठेवण्यात आली. रक्तातील टोकोफेरॉल हळूहळू उतरत गेले, तांबड्या पेशी पेरॉक्साइडपुढे दुबळ्या ठरल्या. परंतु ढळढळीत रोग असा कोणालाही जडला नाही. अशा पराधीन माणसांवर असा प्रयोग करणे आजच्या नीतिकल्पनांत बसणारे नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. तरीही पुढील शिफारशी बव्हंशी याच प्रयोगावर उभ्या राहिल्या. अमेरिकेत १९६८ मध्ये दैनिक गरज ३० एकके ठरली आणि १९७४ मध्ये ती निम्म्यावर आणली गेली. कारण तेवढे न खाणारी असंख्य माणसे निरोगी दिसत होती. बिएरी आणि एव्हर्ट्स यांनी १९७३ मध्ये अमेरिकी आहारांची मोजणी केली तेव्हा ०.६ ऐवजी ०.४ च्या आसपासचे प्रमाण असतानाही रक्तातील पातळी समाधानकारक आढळली.

म्हणजे ०.४ पासून ०.८ पर्यंत हे माप डोलते आहे, आणि करडईचा ०.४५ हा आकडा नेमका या डोलाऱ्याच्या खालच्या कडेवर पडतो. यावरून ‘करडई अपुरी आहे’ असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु ‘करडई स्वतःला पुरून उरते’ असेही म्हणता येत नाही. पहिल्या मताने हे दुसरे विधान सिद्ध झाले असे गृहीत धरले, हाच आमचा आक्षेप आहे.

शिवाय भांड्यातील ऑक्सिडीकरण आणि शरीरातील ऑक्सिडीकरण यांची गल्लत होऊ देता कामा नये. तिळाच्या तेलात अल्फा-टोकोफेरॉल नगण्य असते, तरी ते महिनोन्‌महिने खवट होत नाही. कारण त्यात गॅमा-टोकोफेरॉल असून सेसमॉलसारखी अन्य रक्षक द्रव्येही असतात. उलट शरीरात यकृत निवडून अल्फा प्रकारच रक्तात परत पाठवते. म्हणून डब्यात टिकणारे तेल शरीरात टिकेलच असे नाही, आणि याच्या उलटही तितकेच खरे आहे.

४. दुसऱ्या मताचे परीक्षण

दुसऱ्या मताचा मुख्य आधार म्हणजे सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात झालेला आहार व हृदय यांविषयीचा प्रयोग. नुकताच हृदयविकार होऊन गेलेल्या ३० ते ५९ वर्षे वयाच्या ४५८ पुरुषांपैकी २२१ जणांना संतृप्त वसेच्या जागी करडईचे तेल आणि करडईच्या तेलाचे मार्गारिन देण्यात आले. उरलेल्या २३७ जणांना तसा विशिष्ट सल्ला दिला गेला नाही. पहिल्या गटाचे कोलेस्टेरॉल सुमारे १३ टक्क्यांनी उतरले. पण मृत्यू वाढले. १९७८ मध्ये प्रयोगकर्त्यांनी एकूण मृत्यूंचा आकडा दिला. हृदयविकाराच्या मृत्यूंचा वेगळा दिला नाही. पुढे क्रिस्टोफर रॅम्स्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी माहिती मिळवून २०१३ मध्ये नव्याने विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात करडईच्या गटात एकूण मृत्यू १७.६ टक्के तर दुसऱ्या गटात ११.८ टक्के, आणि हृदयरोहिणीच्या विकाराने झालेले मृत्यू अनुक्रमे १६.३ व १०.१ टक्के दिसून आले. लिनोलेइक अम्लाच्या ऑक्सिडीकरणातून निर्माण होणारी द्रव्ये याला कारण असावीत, असा तर्क लेखकांनी मांडला.

अडगळीत पडलेली माहिती चाळीस वर्षांनी उजेडात आणणे हे मोठे काम आहे, आणि कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे आयुष्य वाढलेच, या भाबड्या समजुतीला त्याने दिलेला धक्का इष्टच होता. तथापि या प्रयोगावरून करडईच्या तेलाला दोषी ठरविणाऱ्यांनी काही गोष्टी पाहिलेल्या दिसत नाहीत.

प्रथमतः, या आहारात उष्मांकांपैकी सुमारे १५ टक्के लिनोलेइक अम्लातून यावेत अशी योजना होती. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे ३३ ग्रॅम होते, म्हणजे करडईचे तेल ४४ ग्रॅमच्या आसपास, तेही बहुतेक या एकाच तेलातून. आपल्याकडील भाजी-आमटीच्या फोडणीशी याची बरोबरी होत नाही. दुसरे असे की, मार्गारिन घट्ट करण्याच्या प्रक्रियेत विपक्ष वसाम्ले निर्माण होऊ शकतात. त्यांचा वाटा किती होता यावर विद्वानांत वाद झालेला आहे. तिसरी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट : ऑक्सिडीकरणाचा जो तर्क मांडला गेला तो तपासण्यासाठी लागणारी मापेच त्या प्रयोगात नाहीत. रुग्णांच्या रक्तातील टोकोफेरॉल किती, तेल गरम केलेले की कच्चे, ते किती जुने, पेरॉक्साइडे किती, यांचा हिशेब प्रसिद्ध विश्लेषणात नाही. मृत्यू मोजले गेले. मृत्यूच्या ज्या कारणाचा संशय घेतला गेला ते मोजले गेले नाही. न्यायालयात मृतदेह आणावा आणि शस्त्राचा केवळ तर्क करावा, तसे हे झाले.

याच्याशी दुसरा एक प्रयोग ताडून पाहण्यासारखा आहे. लॉस एंजेलिस येथील निवृत्त सैनिकांच्या निवासात ८४६ पुरुषांवर झालेला आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग. त्यात मका, सोयाबीन, करडई आणि सरकी यांची तेले दिली असता रोहिणीविकाराने झालेले मृत्यू घटले, पण कर्करोगाचे मृत्यू वाढले. पहिल्या मताचे लोक या प्रयोगाचा पूर्वार्ध सांगतात, दुसऱ्या मताचे उत्तरार्ध. परंतु तेलाच्या गटाच्या आहारात ई जीवनसत्त्व पुष्कळ होते आणि तुलनेच्या गटाच्या आहारात ते फार कमी होते, ही मागाहून निदर्शनास आणलेली बाब दोघेही क्वचितच सांगतात. तेलाचे परिणाम आणि जीवनसत्त्वाचे परिणाम येथे एकमेकांत असे गुंतले आहेत की ते सुटे करणे अशक्य. याच प्रयोगात पाच वर्षांत शरीरातील चरबीत लिनोलेइक अम्लाचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांपर्यंत चढले. आज खाल्लेले तेल असे वर्षानुवर्षे शरीरात मुक्काम करते, आणि ते खाणे सोडल्यावरही त्याच्या राखणीचा खर्च चालूच राहतो.

आपल्या देशातील एक अभ्यासही दुसऱ्या मताच्या बाजूने वारंवार उद्धृत केला जातो. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत दक्षिणेतील रेल्वे कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेतील कर्मचाऱ्यांच्या सुमारे सातपट आढळले. उत्तरेकडील लोक मात्र दुधातुपाच्या रूपाने कितीतरी अधिक वसा खात होते, आणि दक्षिणेकडील लोक बियांची तेले. निरीक्षण मोलाचे आहे. परंतु दक्षिणेचे तेल म्हणजे मुख्यतः शेंगदाणा आणि तीळ, करडई नव्हे. आणि दोन प्रदेशांत तेलाखेरीज भिन्न असे काय नाही? धान्य, जेवणाची रीत, काम, हवामान या सर्वांचे ओझे एकट्या तेलाच्या डोक्यावर ठेवणे हे तर्कशास्त्राला धरून नाही.

५. घाणा, कारखाना आणि कढई

दोन्ही मतांनी गृहीत धरलेली आणखी एक गोष्ट म्हणजे करडईचे तेल ही एक ठरीव वस्तू आहे. वस्तुतः ती तशी नाही. लाकडी घाण्यावरून आलेले ताजे तेल, कारखान्यातून शुद्ध होऊन आलेले तेल आणि तळण झाल्यावर कढईत उरलेले तेल ही रसायनदृष्ट्या तीन निराळी तेले आहेत. शुद्धीकरणाच्या अखेरच्या टप्प्यात वास घालविण्यासाठी निर्वातात उच्च तापमानाला वाफ सोडतात. तेव्हा वासाबरोबर टोकोफेरॉलचाही काही भाग निघून जातो. हा निघालेला भाग वाया जात नाही. खाद्यतेलांच्या कारखान्यांतील असाच ऊर्ध्वपातित अंश नैसर्गिक ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा कच्चा माल होय. तेलातून रक्षक काढून घ्यावा, तेल एका दुकानात विकावे आणि रक्षक दुसऱ्या दुकानात, अशी ही व्यवस्था आहे.

घाण्याच्या तेलाचे गोडवे गाणाऱ्यांनीही सावध राहिले पाहिजे. घाण्याच्या तेलात टोकोफेरॉल टिकते हे खरे. पण बी ओले, फुटके वा जुने असेल, अथवा तेल उघड्या डब्यात उन्हात राहिले असेल, तर पेरॉक्साइडे घाण्यावरच तयार होऊन येतात, आणि त्यांना निवारण्यात टोकोफेरॉल खर्ची पडते. सोलापूरचा उन्हाळा या बाबतीत क्षमाशील नाही. आणि कढई तर दोन्ही तेलांची सारखीच शत्रू. तळणाच्या तापमानाला टोकोफेरॉल झपाट्याने नष्ट होते, लिनोलेइक अम्लाचे तुकडे पडतात, आणि हायड्रॉक्सिनोनेनाल यासारखी विषारी अल्डिहाइडे निर्माण होतात. म्हणून लिनोलेइकप्रधान करडईचे तेल कच्चे किंवा हलक्या फोडणीत खाणे आणि त्यातच भजी तळून उरलेले तेल पुन्हा वापरणे, या दोन कृतींना एका नावाखाली मोजणारे कोणतेही विधान, स्तुतीचे असो वा निंदेचे, निरर्थक आहे.

६. गोळीचा उपाय

तेलात जीवनसत्त्व उणे पडत असेल तर ते वरून घ्यावे, ही सूचना सहज सुचण्यासारखी आहे. तिचीही परीक्षा झालेली आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ प्रयोगात हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,५४१ व्यक्तींपैकी निम्म्यांना रोज ४०० एकके ई जीवनसत्त्व काही वर्षे देण्यात आले. हृदयविकारात काहीही फरक पडला नाही. ‘सिलेक्ट’ या ३५,५३३ पुरुषांवरील प्रयोगात २०११ मध्ये असे दिसून आले की केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग शेकडा १७ ने वाढला.

या निष्फळतेवरून ई जीवनसत्त्व निरुपयोगी आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. ज्या मुदतपूर्व जन्मलेल्या अर्भकांना १९६० च्या दशकात असंतृप्त वसेने युक्त पण ई जीवनसत्त्वाने उणे असे कृत्रिम दूध मिळाले, त्यांच्या तांबड्या पेशी फुटून पांडुरोग झाला आणि जीवनसत्त्व देताच तो बरा झाला. जेथे खरी उणीव आहे तेथे उपाय लागू पडतो. जेथे उणीव नाही तेथे भर घातल्याने राखण वाढत नाही. प्रयोगांतील माणसांची निवड करताना कोणाच्या आहारात असंतृप्त वसाम्ले किती आणि टोकोफेरॉल किती, हे पाहिलेच गेले नाही. येथेही तोच दोष : अंश दिला, छेद विचारला नाही.

७. बियाण्यातील उत्तर

हिशेब जुळविण्याचा एक मार्ग जमा वाढविण्याचा असतो, दुसरा खर्च कमी करण्याचा. करडईच्या बाबतीत दुसरा मार्ग निसर्गानेच दाखविला आहे. १९५७ मध्ये अशा एका करडईची नोंद झाली की जिच्या तेलात लिनोलेइकाच्या जागी ओलेइक अम्लाचे प्राबल्य होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल्डेन नोल्स यांनी या गुणाची आनुवंशिकता तपासली ती भारतातून गेलेल्या बियाण्याच्या निवडींवर. त्यांचा निबंध १९६३ चा आहे. १९६६ मध्ये तेथून पहिला ओलेइकप्रधान वाण प्रसृत झाला. अशा तेलात टोकोफेरॉल साधारण तेवढेच राहते, पण बहुअसंतृप्त वसाम्ल १३-१४ ग्रॅमवर येते, भागाकार ०.४५ वरून २.५ च्या आसपास जातो. तळणातही हे तेल कितीतरी अधिक टिकते.

जो गुण या देशाच्या बियाण्यातून परदेशी गेला तो परदेशी व्यापारात रुळला, आणि आमच्या शेतात मात्र लिनोलेइकप्रधान करडईच राहिली. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने अलीकडे ओलेइकप्रधान वाण दिले आहेत हे स्वागतार्ह आहे. पण दरम्यान महाराष्ट्रातील करडईचे क्षेत्र प्रचंड आटले. काढणीचे काटे, मजुरी आणि भाव ही त्याची कारणे खरीच. तेलाच्या गुणाविषयीच्या उलटसुलट बोलण्याने त्यात भर घातली नाही, असे कोण म्हणेल? एके काळी ‘हृदयाचे तेल’ म्हणून जिची कीर्ती गायली आणि मागाहून ‘रोहिण्यांचा शत्रू’ म्हणून जिची निंदा केली, त्या पिकाच्या शेतकऱ्याला दोन्ही वेळी खरी माहिती मिळाली नाही.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, करडईच्या तेलाविषयी आजवर जे दोन निवाडे दिले गेले त्यांपैकी एकही पुराव्याच्या पूर्ण तपासणीवर आधारलेला नाही. लिनोलेइक अम्ल मर्यादित मात्रेत हितकर आहे, हे मान्य करण्यास पुरेसा आधार आहे. ते अतिरिक्त मात्रेत, मार्गारिनच्या रूपात, आजारी पुरुषांना दिले असता अहित झाले, हेही मान्य केले पाहिजे. या दोन सत्यांमधील अंतर कोठे आहे हे ज्या मोजणीने कळले असते, ती मोजणी मात्र राहून गेली.

ती मोजणी सोलापुरात होऊ शकते. जिल्ह्यातील घाण्यांवरचे, दुकानांतील आणि तळणाच्या कढयांतील तेल गोळा करून त्यातील अल्फा-टोकोफेरॉल, लिनोलेइक अम्ल आणि पेरॉक्साइडांक ही तीन मापे ऋतुमानानुसार घ्यावीत. आणि जे कुटुंब ते तेल खाते त्याच्या ताटातील भाजी, शेंगदाणे व लिंबू यांचाही हिशेब त्याच वहीत मांडावा. हे काम खर्चाचे नाही, परंतु चिकाटीचे आहे. ज्या गावात करडईच्या बियाण्यावर इतकी वर्षे कष्ट घेतले गेले, त्या गावातील प्रयोगशाळांनी करडईच्या तेलाचा निवाडा सिडनी आणि लॉस एंजेलिस येथील जुन्या कागदांवर सोडून द्यावा, हे शोभणारे नाही.